जमीन

मॅपलच्या फळ्या या, बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमधून
उखडून आणलेल्या, एकोणीसशे अठ्ठेचाळीसात.
वर पत्रा, लष्कराने मोडीत काढलेल्या हँगरचा.
क्रेसेन्सियो बाल्देरासने दोन ट्रक विकले, तिसरा गहाण टाकला
आणि दारावर नाव रंगवलं: एस्पिगा बॉलरूम.
एस्पिगा म्हणजे कणीस.
दक्षिण टेक्सासात, कापसाच्या गावात, कणीस कशाला?
असं कुणी विचारलं की म्हणायचा,
कापूस त्यांचा.

त्याआधीची गोष्ट एवढीच
की युद्धावरून परतलेला हा माणूस, पदकं लावून,
बायकोला घेऊन चौकातल्या हॉलवर नाचायला गेला
आणि दारावरच्या पोराने पाटीकडे बोट दाखवलं.
पाटीवर काय होतं ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.
मी लिहीत नाही.

मी सुतारकाम करतो.
वारसा समितीच्या बाईंनी बोलावून घेतलं, म्हणाल्या,
जमीन समपातळीत आणा, पॉलिश करा,
ऑक्टोबरात पितळी पाटी लागेल.
आणखी एक पाटी.

मशीन लावण्याआधी गुडघे टेकून हात फिरवला.
मधल्या फळ्या जवळजवळ कोऱ्या
आणि भोवती एक लंबगोल, नखाएवढा खोल.
सगळे एकाच दिशेने नाचायचे, घड्याळाच्या उलट,
चरकाभोवती खेचर फिरतं तसे, फक्त हसत.
शनिवारी फळ्यांवर मक्याचं पीठ भुरभुरायचे, बूट सरकावेत म्हणून.
आठवडाभर बोंडं वेचून बोटं चिरलेल्या बायका
नव्या झग्याची घडी इथे मोडायच्या.
तिबुर्सियो ओल्वेराचा अकॉर्डियन, शेजारी बारा तारांचा बाखो सेक्स्तो,
पोल्का, रेडोवा, आणि रात्री एकनंतर एखादा बोलेरो
ज्यावर कितीतरी लग्नं जमली
आणि, खरं सांगायचं तर, दोनतीन मोडलीसुद्धा.
वीतभर जमीन कुणाच्या नावावर नव्हती त्या गर्दीत.
ही सोडून.

फटींतून निघालेल्या वस्तू:
केसांचे आकडे, बाटल्यांची बुचं, तान्ह्या मुलीचं कानातलं,
अकॉर्डियनचं एक बटण, मोत्याच्या रंगाचं.
बटण मी परत फटीत ढकललं.

मोठ्या वादळात छप्पर अर्धं गेलं.
नऊ दिवस चाळीस कुटुंबं इथेच निजली.
तिबुर्सियोचं वाद्य भिजून फुगलेलं,
तर तो तोंडानेच सूर काढायचा,
लोक म्हणायचे, बाबा रे, पाऊस परवडला.

मग महामार्ग गावाला वळसा घालून गेला.
मग कुलूप. मग खताची पोती, एकोणीस वर्षं.
खताचे डाग पांढरे असतात, पॉलिशखालूनही दिसतात.

राहिली तिकीटखिडकी.
दोन पावलं लांब, दोन पावलं रुंद खोली.
माझी आई एउलालिया तेवीस वर्षं तिथे उभी होती,
जाळीमागे, गुलाबी तिकिटं फाडत.
तिला नाचताना कुणी पाहिलं नाही.
वडील म्हणायचे, हिला तालच नाही.
तीही म्हणायची, हो बाई, माझे पाय जड.
सकाळी घरी यायची तेव्हा पोटऱ्या सुजलेल्या असायच्या,
आम्ही समजायचो, उभं राहून.

काल तिथली कोळिष्टकं काढली, पुठ्ठ्याची खोकी बाहेर ओढली.
खिडकीसमोरच्या फळीत दोन खळगे.
डावा उथळ.
उजवा टाचेकडे चांगला खोल, कडा गुळगुळीत.
पोल्का दोन मात्रांची असते.
मी माझी टाच ठेवून पाहिली.
बसली नाही, खळगा लहान होता.

बाईंना फोन केला, म्हटलं, समपातळी जमणार नाही.
त्या म्हणाल्या, का?
सांगायला तोंड उघडलं,
आणि म्हटलं,
लाकूड पातळ झालंय.