कुळाची चोपडी

मखमलाबादच्या मळ्यात द्राक्षवेलीखाली
बागूल मॅडम पांढरी चादर धरून फांदी झटकतात.
पडेल ते मी शिशीत घेतो.
तिळाएवढे ढेकूण, हिरवे,
पंखाच्या टोकाला पाचर ठोकल्यासारखी घडी.

एकोणीस वर्षं दोघं एका पेटीत.
चिठ्ठी माझ्याच अक्षरात: सख्खे.

परवा अहवाल आला.
सख्खे नव्हेत.
हिरवेपण ज्याचं त्यानं कमावलेलं,
पानात लपण्यापुरतं.
आणि यातल्या एकाचा खरा भाऊबंद
तपोवनातल्या बाभळीवरचा तो करडा,
मुंगीच्या चालीनं चालणारा,
ज्याला मी ‘इतर’मध्ये टाचून
विसरलो होतो.

रामकुंडावर उपाध्यांच्या चोपडीत
माझ्या सात पिढ्या सापडतात,
कुणाची सही, कुणाचा नुसता अंगठा.
ह्यांची चोपडी ह्यांच्या मांडीवर:
चार-सहा केस,
भिंगाखाली श्वास धरून मोजायचे.
मी मोजले होते.
रंगापुढे मानले नाहीत.

“शेवाळे, चिठ्ठ्या बदला.”
बदलतो.
करड्याला उचलताना त्याचा एक पाय तुटला.
डिंकाचा ठिपका लावून
तो चिकटवला त्याच टाचणीवर,
नव्या नावाशेजारी.