एक चप्पल

मे महिन्यात, भर दुपारी साडेबाराला,
गोळीबार चौकातून गांधीबागेकडे जाताना
माझी डावी चप्पल पायातून निघाली.
मला कळलं नाही.

गांधीबागेत औषधं थोकाच्या भावात मिळतात,
पट्टीमागे सात-आठ रुपये वाचतात.
गोळीबार चौकात राहायचं आणि दिवसाला अकरा गोळ्या खायच्या,
या विनोदावर मी दर महिन्याला हसतो.
देवका हसत नाही.

डांबर पाघळलं होतं. कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसली होती.
तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली एक पोरगी
स्कूटी हळू करून म्हणाली,
"काकाजी, तुमची एक चप्पल कुठे आहे?"
मी खाली पाहिलं.
तो पाय माझाच होता, धोतराखाली,
पण शेजाऱ्याचा पोरगा दारात उभा असावा
तसा दिसला.

चप्पल मागे सापडली, पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर.
तोंड माझ्याच दिशेला करून पडली होती.

चाळीस वर्षं हे पाय मागाच्या खड्ड्यात होते.
पावड्या दाबायच्या, उजवी, डावी, उजवी.
धागा कुठं ताणला गेला ते तळव्याला आधी कळायचं,
हाताला मागून.
डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा खाल्ल्या.
मेडिकलच्या ओपीडीत त्यांनी डोळे मिटायला सांगितले
आणि पायाला एक बारीक तार लावली.
"सांगा, कधी लागली?"
मी वाट पाहत राहिलो.
ते म्हणाले, उघडा डोळे, झालं.

खड्डा पोरानं सिमेंटनं बुजवला.
तिथं आता फ्रिज आहे.
फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी माझं इन्सुलिन.
रात्री मशीन घरघरतं तेव्हा
वाटतं, खाली कुणीतरी अजून विणत आहे.

घरी आल्यावर देवकानं पाय मांडीवर घेतला.
चष्मा, वर मोबाईलची बॅटरी.
मी काठातला तुटका धागा अंधारात बोटानं शोधायचो,
तशी ती रोज रात्री माझे तळवे शोधते.
टाचेजवळ फोड होता, रुपयाएवढा.
"डोमाजी निमजे," ती म्हणाली
(रागात असली की पूर्ण नाव घेते),
"अंगार तुडवून आले अन् सांगता काहीच नाही?"
काय सांगणार, बाप्पा.
मले सांगितलंच नाही कोणी.

मलम आणायला उठलो.
ती नको म्हणत होती, जरा जास्तच नको म्हणत होती.
डब्यात मलमाखाली पानदानातला अडकित्ता,
आणि तिच्या बीपीच्या गोळ्या.
सुपारी कातरावी तशा मधोमध कातरलेल्या.
काही तुकडे अर्धे, काहींचा नुसता चुरा,
तो कागदाच्या पुडीत जपून.

कधीपासून?
"काहून विचारून राहिले? दिवाळीपासून असन.
महिन्याची पट्टी दोन महिने जाते.
घरात एकच बिमार पुरे झाला."

दिवाळीपासून आम्ही एकाच ताटलीत गोळ्या काढतो.
माझ्या अकरा मी मोजून घेतो.
तिची एक
मी कधी पाहिली नाही.

कूलरचं पाणी संपलं होतं, खस कोरडी वाजत होती.
मी खाली बसलो आणि तिचा पाय ओढला.
"अहो, सोडा. सून पाहीन."
पाहू दे.
जोडवी रुतली होती, घोट्याची हाडं दिसत नव्हती.
नडगीवर मी अंगठा दाबला,
सुताचा पीळ बघायला दाबायचो तसा.

खड्डा पडला.
अंगठा उचलला, तरी तो तिथंच.
मी मनात मोजायला लागलो,
एक, दोन, तीन…
ती म्हणाली, "काय मोजून राहिले?"
मी म्हटलं, थांब.