वरची धार

गंगावेशीत संध्याकाळी सातला
गिऱ्हाईक पेला धरून उभं राहतं.
आप्पा म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसतात
आणि धार वाजते,
आधी टणक, मग घुमल्यासारखी, मग मऊ.
मी शेजारी पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर,
मांडीवर एम.ए. भाग एक, सूक्ष्म अर्थशास्त्र.
झेरॉक्सची डावी कड कापली गेलीय,
त्यामुळं 'असममित माहिती' हा मुद्दा
माझ्याकडं नुसताच 'ममित माहिती' असा आहे.

विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं,
म्हणून चांगला माल हळूहळू बाजारातून उठून जातो,
असं पान एकशे बारा.
मी मान वर करून बघतो.
इथं म्हसच आणून उभी केलीय समोर.
कास दिसते, आप्पांचे अंगठे दिसतात,
पाणी घालायचं म्हटलं तर ते शिरणार कुठून?

(मी 'बघतो' म्हणतो. आमच्याकडं पोरी असंच म्हणतात.
सेमिनारला बाहेरून आलेल्या मॅडमनी
हजेरीतलं नाव पुन्हा वाचलं, गवळी महादेवी इराप्पा,
आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.)

पूर्ण स्पर्धेत वस्तू एकजिनसी असते.
हे बाबू पैलवानाला कुणीतरी सांगायला पाहिजे.
सत्तरी ओलांडली, गुडघे गेले,
तरी त्याला चंद्रीचंच दूध लागतं.
शेजारच्या म्हशीची धार फुकट दिली
तर तोंड फिरवून पानपट्टीकडं बघत बसतो.
चंद्री आटली तेव्हा दोन महिने
तो रोज आला, काही न घेता उभा राहिला,
आणि गेला.
त्याची मागणी मी कुठल्या अक्षावर लावू?

पेला भरतो. भरतो म्हणजे
वर तीन बोटं फेस.
गिऱ्हाईक फुंकर घालतं, फेस बसतो,
पेला पाऊण.
तेव्हा आप्पा न बोलता पुन्हा वाकतात
आणि वरची धार सोडतात, जोरात, एकच.
तिचे पैसे नाहीत. कधीच नव्हते.
दर वीस होता तेव्हा नव्हते,
पेंड महागली, दर तीस झाला, तेव्हाही नाहीत.

मॅडमनी विचारलं, ही वरची धार आलेखात कुठं दाखवाल?
मी मागणीची रेषा काढली,
किमतीची आडवी रेषा काढली,
वरच्या त्रिकोणात खडूनं तिरप्या रेघा मारल्या:
उपभोक्त्याचं संतोषाधिक्य.
मॅडम 'बरोबर' म्हणाल्या.
मला ते बरोबर वाटलं नाही.
विद्यापीठातून परतताना के.एम.टी.त
बिंदू चौकापर्यंत तेच डोक्यात,
हातावर खडू तसाच.

घरी विचारलं, "आप्पा, वरची धार का देतासा?"
बादली विसळता विसळता म्हणाले,
"फेस काय मी केलाय व्हय?
त्याचं पैसं घेतलं तर
पहाटं चंद्रीच्या कासंला हात कसा लावू?"
नफा महत्तम करणारा विक्रेता
पान त्र्याऐंशीवर आहे. त्याला म्हस नाही.

मे महिन्यात निकाल लागला.
पेपर दुसरा, सत्तावन्न.
"कितीपैकी?"
"ऐंशी."
आप्पांनी बोटांवर मोजलं,
चंद्रीच्या पाठीवर थाप मारली,
"मग तेवीस फेस म्हणायचा."

मी पेला पुढं केला.