दहावा शब्द

माणसं मोजायची नसतात, पप्पा म्हणायचे,
मोजली की दृष्ट लागते.
म्हणून दहा शब्दांचं एक हिब्रू वचन घ्यायचं
आणि एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत जायचा.

आज हिब्रू तिथीनं त्यांना वर्ष झालं.
म्हापशात, घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत
रात्रीच्या बसने पेणहून हॅनोकमामा आले, दोन मुलगे घेऊन.
भाऊ रूबेन.
हणजुणाहून पाच इस्रायली पोरं, जटा, उसन्या टोप्या,
एकाच्या दंडावर गणपती गोंदलेला,
त्यावर त्यानं आपणहून रुमाल बांधला.
वास्कोचे अष्टमकर झुआरीच्या पुलावर अडकलेत.
सूर्य कुणासाठी थांबत नाही.

खाली कायतान पदेर पावाची टोपली टेकवून उभा:
"जाय जाल्यार हांव रावतां."
त्याच्या आईची आई शुक्रवारी दिवा लावायची,
भाताच्या कणगीत, झाकण अर्धं ओढून.
मटण मिठात घालून रक्त काढायची.
डुकराचं मांस ताटात वाढून घ्यायची, दारात बसून,
शेजाऱ्यांना दिसेल असं,
आणि उठताना मांजराला घालायची.
का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"कागद आहे?" मामा विचारतात.
"आसा. इगर्जेंत. बावतिज्माचो."

मग वाद. पाच पोरांची सात मतं.
आईकडून आलं तर आलंच, एक म्हणतो.
चारशे वर्षांनी? दुसरा.
चुकीचा दहावा धरला तर कद्दिश हवेतच जायची, तिसरा.

मी स्वयंपाकघराच्या दारात,
मलिद्याच्या पोह्यांत गूळ कालवत.
माझ्याबद्दल प्रश्नच नाही, म्हणून उत्तरही नाही.
रुमालवाला पोरगा मात्र माझ्याकडे पाहत म्हणाला,
"तेल अवीवमध्ये माझ्या बहिणीला धरतात."
मामांनी कानातलं मशीन नीट केलं,
म्हणजे बंद केलं.

भिंतीवर ऊन शेवटच्या खिळ्यापर्यंत चढलं.
खाली एका घड्याळानं सहा टोले दिले,
तीन मिनिटांनी दुसऱ्यानं.
पप्पांनी ती दोन कधी जुळवली नाहीत.

मामा पुन्हा सुरुवातीपासून.
पोरांवरून, मुलांवरून, स्वतःच्या छातीवरून,
नववा शब्द रूबेनवर ठेवला.
दहावा तोंडात.
नजर कायतानवर, माझ्यावर, मग जिन्याकडे.

तेवढ्यात कायताननं, कुणी न सांगता,
टोपलीवरचं फडकं काढून डोक्यावर घेतलं.
पाव उघडे पडले, वाफ निघाली.

माझे हात गुळानं चिकट,
आणि मामांचं तोंड अजून तसंच,
अर्धं उघडं.