किती खोली

मशाप्पाच्या दोराला अकरा गाठी.
प्रत्येक गाठीत चादरीच्या काठाची चिंधी,
लाल, हिरवी, मग पुन्हा लाल.
एक गाठ म्हणजे एक पुरुष पाणी,
आणि पुरुष म्हणजे खुद्द मशाप्पा,
हात वर करून उभा, चपलेसकट.

वेळ तो बिडीत मोजायचा.
दोन बिड्या झाल्या की दोराला हिसका,
की मी उजनीच्या जॅकवेलची जाळी,
जाळीतला गाळ, पिशव्या, कुणाची तरी मच्छरदाणी
आहे तशी सोडून वर.
श्रावणी सोमवारी मशाप्पा बिडी ओढत नाही.
त्या सोमवारी खाली शिवशरण होता.

शिवशरण आता सात रस्त्याला पानपट्टीवर बसतो.
डाव्या पायात कायमच्या मुंग्या.
पानाला चुना लावताना हात मात्र स्थिर.
"यंत्र घे बे नागेश," म्हणाला,
"माणसाला उपास असतो."

म्हणून विजापूर वेशीत, इलियासभाईंच्या दुकानी,
आहेरात आलेल्या बंद घड्याळांच्या मधोमध
आम्ही फोनवर तीन फोटो बघत बसलो.

पहिलं पंचेचाळीस हजारांचं.
रंगीत पडदा, होकायंत्र,
किती थांबायचं, कुठं थांबायचं, वर कधी यायचं
सगळं तेच सांगणार.
"हे घड्याळ नव्हे, मुकादम आहे,"
इलियासभाईंनी फोटो अंगठ्यानं ढकलला.
दुसरं काट्याचं, स्वस्त.
पण उजनीत, तळाशी,
वीतभरावरचा स्वतःचा तळवा दिसत नाही,
तिथं काटा कुठं हुडकू?

तिसऱ्यावर नुसते दोन आकडे.
वर खोली, खाली मिनिटं.
आणि कोपऱ्यात, बारीक,
आज जास्तीत जास्त किती खाली गेलास ते.
इलियासभाईंनी डोळ्याला भिंग लावलं. फोटोला!
"सेल कुठला? माझ्याकडचा बसेल का?
झाकण नाण्यानं उघडतं का?
हातमोज्यात बटण सापडेल?"
मग भिंग जागीच थांबलं.
"इथं लिहिलंय, समुद्राच्या पाण्यासाठी.
गोड्या पाण्यात तीन टक्के कमी दाखवणार."
वीस मीटरला साठ सेंटिमीटर,
एका टेरी टॉवेलची रुंदी.
तेवढी मी मनात धरीन, म्हटलं.
समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

पार्सल आलं. मशाप्पानं ते तळहातावर तोललं.
"हिसका देतं का?"
"नाही. लुकलुकतं."
"मग दोर ऱ्हाऊ दे."

अंबव्वानं पावती उलटी-सुलटी वाचली.
"अकरा हजार. खोली दाखवतं म्हणे.
मला तर दोनच दिसलाल्यात घरात,
हीतली आन् चुलीची.
तिसरी झाली असती यात."
मी काही बोललो नाही.
बादलीत यंत्र बुडवलं: शून्य.
पिंपात बुडवलं: शून्य पूर्णांक नऊ,
मिनिटं हलेनात.
सव्वा मीटरच्या आत त्याला ते पाणीच वाटत नाही.

पाचव्या रात्री, अडीचला, नळ खाकरला.
गल्लीभर मोटारी सुरू झाल्या.
हौद काठोकाठ भरेपर्यंत आम्ही फरशीवर बसून राहिलो,
मग नळ गेल्यावर तिनं परकराची नाडी ओढून काढली,
यंत्राला बांधली,
आणि झाकणातून, पोर आंघोळीला सोडावं तसं,
हळूहळू खाली सोडलं.
अंधारात दोन आकडे हिरवे झाले.
मिनिटांचा शून्य धडपडला, एक झाला.

वर काढलं. कोपऱ्यात राहिलेलं:
एक पूर्णांक चार.

"मागच्या पाळीला किती होतं?"
मागच्या पाळीला कुणी मोजलं होतं?
तिनं नाडी चिमटीत धरली,
ओलं संपतं तिथं,
आणि एक गाठ मारली.