विलंबित

काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
संध्याकाळी सहाला मी कठड्याला टेकतो.
खाली विश्वामित्री, मळकट, जवळजवळ थांबलेली.
मगर एकदा नाक वर काढते
आणि बुडते.
मी मोजू लागतो.

चाळीस वर्षं कथकच्या वर्गात ठेका धरला.
पोरींच्या पायांत घुंगरं, माझ्या बोटांत तीनताल.
हेतवी नावाची एक नेहमी समेच्या आधीच पोचायची,
सावलीला जायची बस गाठायची असे तिला.
मी ओरडायचो, खालीला थांब जरा,
तिथे काही नाही, म्हणूनच थांब.

आता उजवा हात आपला आपणच वाजतो.
डॉक्टर कंप म्हणाले, गोळ्या दिल्या.
रात्री चादरीवर मी त्याला ताल लावून पाहतो :
सात नाही, दहा नाही,
साडेपाचला कुठेतरी पाय घसरतो त्याचा.

चौसष्ट. शहाण्णव.
शिंगवाला विचारतो, "काका, शुं खोवायुं?"
मी म्हणतो, खाली आहे.
तो वाकून बघतो.
वडावरून वटवाघळं सुटतात,
एक, दोन, मग सगळीच, कुणाची मोजणी न ऐकता.
दोनशेच्या पुढे मीही चुकतो.

आणि मगर येते.
मी नजर धरली होती तिथे नाही,
पलीकडे, जलपर्णीत.
एक श्वास.
एवढाच बोल.

समेवर आली की नाही, कुणाला विचारू?
कठड्यावरचा हात
तेवढ्यापुरता थांबला होता,
बहुतेक.