कच्चा रंग

मिलचं ऑफिस मोडीत निघालं तेव्हा
अडतीस पोती आली अब्बांच्या रद्दीच्या दुकानात.
पावत्या, पगारपत्रकं,
आणि एका पोत्यात परदेशी व्यापाऱ्यांची रिकामी पाकिटं;
पत्रं आधीच कुणीतरी काढून घेतलेली.

दुसऱ्या दिवशी अंबादास इराबत्ती आला.
मागखात्यातला जॉबर, तीस वर्षं त्याच मिलमध्ये,
आता भोंगा नाही तरी पहाटे उठणारा.
म्हणाला, पाकिटं नकोत, कोपरे पाहिजेत.
अब्बांनी कोपरे तराजूत टाकले.
काटा हललाच नाही.
अब्बा हिशेबाचे पक्के, बराच वेळ काट्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, चहा पाज.

मी त्याच्या मागोमाग गेलो साखर पेठेत.
जर्मनची परात, कोमट पाणी,
चित्र वर, डिंक खाली.
"ओढू नको बे. त्याचं त्याला सुटू दे."
सुटलं की चिमट्यानं उचलून
सेकंडच्या टॉवेलवर वाळत घालायचं.
मे महिना. दहा मिनिटांत तिकिटं
पापडासारखी वळायची.

तो तेलुगू वाचायचा, मराठी अडखळत. इंग्रजी अक्षरं माझ्याकडे.
हेल्वेशिया, मी वाचलं.
शाळेतल्या नकाशात तो देशच नव्हता.
सुओमी नव्हता, माग्यार नव्हता.
भूगोलाच्या बिराजदार सरांनी शेवटी सांगितलं,
देशांना घरात वेगळी नावं असतात.
इराबत्ती हसला.
"मग काय. मी घरात अंबय्या,
मिलमध्ये अंबादास, मस्टरवर चारशे बारा."

भिंग मिलमधलंच, पितळी, इंचभर चौकटीचं,
कापडातले धागे मोजायचं.
त्यातून तो तिकिटांचे दात मोजायचा,
फणी बारीक की जाड ते सांगायचा.
जपानच्या एका करकोच्याच्या पंखावर
संध्याकाळभर वाकून बसला.
वर बघितलं तेव्हा एवढंच बोलला,
"हे कोरणाऱ्याची मान दुखली असणार."

मग ते जांभळं. मोंबासाचं.
राजाचा चेहरा, मुकुट,
कडेला दोन नारळाची झाडं.
अख्ख्या पोत्यात त्याला तेच आवडलेलं,
म्हणून शेवटी सोडलं पाण्यात.
पाणी आधी गुलाबी झालं.
त्यानं हात घातला तोवर
राजा निघून गेला होता, झाडंही.

"कच्चा होता बे."
तीस वर्षं ज्यानं पक्क्या रंगाच्या चादरी विणल्या
तो परातीपुढे उकिडवा बसून.
"चादरीचा कोपरा भिजवून बघतो की आपण आधी.
याला विचारलंच नाही."

कोरा तुकडा त्यानं फेकला नाही.
वाळवला. भिंगाखाली धरला.
चारी बाजूंचे दात शाबूत,
आणि मधोमध टपालाचा काळा शिक्का,
गाव, तारीख, काही न पुसलेलं.
कुणा कारकुनानं हात उगारून मारलेला.

तिकिटं चिकटवायची वहीही मिलचीच होती,
बंद पडली त्या वर्षीची कोरी हजेरीवही.
एकेका नावाच्या रकान्यात एकेक देश.
कोऱ्या तुकड्याला त्यानं पूर्ण पान दिलं.

तो गेल्यावर सुनेनं वही दुकानात पाठवली.
वजनावर नाही, सांगून पाठवलं.
मागच्या दिवाळीत पुण्याचा एक व्यापारी आला,
पानागणिक आकडे लिहीत गेला.
त्या पानावर थांबलाच नाही;
दोन पानं चिकटलीत असं वाटलं असेल त्याला.
मीही बोललो नाही.

ते पाणी आठवतं अधूनमधून.
इराबत्तीनं परात दोन्ही हातांनी उचलून
दारातल्या गटारीपाशी नेली होती.
गटारीतून वरच्या रंगखात्याचा लाल वाहत होता,
रोजच्यासारखा.
त्यात त्यानं राजा हळूच ओतला.